काच निवेपर्यंत

३ तारीख, मंगळवार

हिशेबाच्या वहीत डावीकडे खर्च लिहायचा आणि उजवीकडे जमा, ही माझी लग्नापासूनची पद्धत. आमच्या घरात जमेची बाजू दोन ओळींत आटोपते. बाकी उजवे पान कोरेच्या कोरे. चौतीस वर्षे एवढा कागद वाया गेला हे आज लक्षात आले आणि जीव हळहळला. आजपासून त्या जागेत मनातले लिहीन. 'हे' म्हणाले, "मनातलं लिहायला डावं पानही लागेल तुला." मी लक्ष दिले नाही. मॅट्रिकला भाषेत मला चौसष्ट गुण होते. यांना एकोणसाठ.

पहिलीच नोंद काळजीची. सूनबाईच्या जुन्या ऑफिसातून पत्र आले आहे. परत या, पगार वाढवून देतो, पण बसायचे दुसऱ्या शहरात. आगगाडीने एक रात्र आणि वर अर्धा दिवस. २८ तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचे. ती गेली की मुलगा जाणार, त्याचे काम काय, कुठेही बसून होते. तो गेला की नात जाणार. नातीला मी प्रश्नपत्रिका म्हणते. आठ वर्षांची आहे, सकाळी डोळे उघडायच्या आधी पहिला प्रश्न विचारते. ती गेली तर या घरात प्रश्न विचारणारे कोणी राहणार नाही. न विचारता उत्तरे देणारे एक राहतील.

वर्षापूर्वी सूनबाईने नोकरी सोडली आणि मागची धुण्याची खोली कामाला घेतली. लोकांनी टाकलेल्या बाटल्या आणायच्या, धुवायच्या, फोडायच्या, ज्योतीवर वितळवून त्यांचे मणी करायचे आणि मण्यांची कानातली, गळ्यातली. नवीन काच विकत आणायची नाही हा तिचा नेम. हा नेम मला पटतो. दागिने पटत नाहीत. सोने मोडले तरी सोनेच राहते, काच मोडली की केरात जाते. पण पोरीचा जीव आहे त्यात.

आज ती बाजारातल्या दुकानात गेली होती. तिथल्या दुकानवाल्या बाईंनी मागच्या खेपेचा डबा परत हातात दिला. बारा जोडांतले सात तडकलेले, तेही कपाटात बसल्या बसल्या, कोणी हात न लावता. सूनबाई सांगत होती, "वर्षभर एक मणी तडकला नाही, आई. गेल्या महिन्यापासूनच काय झालंय कळत नाही." बाईंनी एकदाच शेवटचे म्हणून काम दिले आहे. कानातल्यांचे चाळीस जोड, सगळे निळे, २० तारखेला पोचवायचे. ते दहा दिवस दुकानात राहतील. एकही तडकला नाही तर दर महिन्याची मागणी कायमची.

वीस आणि दहा तीस. अठ्ठावीस त्याच्या आधी येते. हा हिशेब मी बोलून दाखवला नाही. तिलाही येतोच.

५ तारीख, गुरुवार

दुपारी प्रश्नपत्रिकेला शाळेतून लवकर सोडले, तेव्हा आम्ही दोघी सूनबाईच्या खोलीत बसलो. ती काचेची कांडी ज्योतीत धरते, काच मधासारखी सुटते, मग ती माती लावलेल्या सळईवर गुंडाळत सळई फिरवत राहायची. हात थांबला की मणी ओघळला. तिचा हात थांबत नाही. मणी झाला की तो सळईसकट भट्टीत. भट्टी म्हणजे देव्हाऱ्याएवढी लोखंडी पेटी, पुढे दार, बाजूला आकडे दाखवणारी पाटी.

"लगेच का नाही घालायचं कानात?" प्रश्नपत्रिका.

"गरम आहे."

"मग फुंकर मार."

"फुंकर मारली की रुसते ती. काच वरून लवकर गार होते आणि आतून उशिरा. मग वरची न् आतली यांचं भांडण आतल्या आत राहतं. दिसत काहीच नाही. आणि चार दिवसांनी एकदम फुटतं. म्हणून भट्टी हळूहळू उतरत जाते, पार सकाळपर्यंत. तोवर दार उघडायचं नाही."

मला हे फार पटले. माणसांचेही असेच असते. माझ्या थोरल्या जावेचे तर अगदी असेच.

आता एक गोष्ट लिहिते ती फक्त वहीला. सूनबाई साडेचारला काम आवरून प्रश्नपत्रिकेला पोहण्याच्या वर्गाला नेते, सातला परत येते ती थेट स्वयंपाकघरात, मागच्या खोलीत सकाळपर्यंत जात नाही. इकडे खोलीत माणूस नाही, काम नाही, मणी करून झालेले, आणि भट्टीचा लाल दिवा मात्र सकाळपर्यंत जळतोच आहे. माणूस नसलेल्या खोलीत दिवा जळत ठेवणे हे मला पाप वाटते. मागच्या महिन्यात विजेचे बिल बघितले तेव्हापासून मी रोज पाचला जाऊन भिंतीवरचा स्विच बंद करते आणि सकाळी पूजेला बसण्याआधी परत चालू करते. भात शिजला की गॅस बंद करून वाफेवर मुरू द्यावा, त्यातलेच हे. दार मी उघडत नाही. फक्त उलथन्याचा दांडा घालून बोटभर फट ठेवते, म्हणजे आतली ऊब वाया न जाता स्वयंपाकघरातली फडकी समोर धरून वाळतात. रोजचे चार युनिट तरी वाचत असतील. उजव्या हाताने केलेले डाव्याला कळू नये म्हणतात, म्हणून कोणाला बोललेले नाही. महिनाअखेर एकदम बिलच दाखवीन.

६ तारीख, शुक्रवार

निळ्या बाटल्या जमवल्या. गल्लीत तेरा घरे हिंडले, नऊ मिळाल्या. खोकल्याच्या औषधाची बाटली नेमकी हवी तशी निळी असते. यांच्या बाटलीत अजून तीन बोटे औषध होते. मी नुसते बघितले. "खोकला नाहीये गं मला," हे म्हणाले. मी बघतच राहिले. रात्रीच्या जेवणाआधी बाटली धुवायला आली. तीन बोटे औषध झाडाच्या कुंडीत गेले असावे. कुंडी अजून खोकलेली नाही.

९ तारीख, सोमवार

सूनबाईने केलेल्या पहिल्या अठरा जोडांपैकी अकरा तडकले. सकाळी डबा उघडला तर एकेका मण्यात केसासारखी रेघ. काही बोट लावताच दोन झाले. तिने तुकडे परत बरणीत टाकले, काच वाया जात नाही म्हणाली. हे ती मला बरे वाटावे म्हणून म्हणाली असेल का?

सकाळी भट्टीच्या पाटीवरचे आकडे लुकलुकत असतात, म्हणजे वीज जात असणार, असा तिचा तर्क. वीज कंपनीचा माणूस बोलावला. त्याने खांब बघितला, मीटर बघितले, म्हणाला, "ताई, महिनाभरात या रस्त्याची वीज गेलेली नाही. जे काय आहे ते तुमच्या घरात आहे."

"घरात म्हटलं तर आम्ही आहोत," हे म्हणाले.

मी गप्प बसले. बिलाची गंमत आत्ताच फुटायला नको. आणि आकडे लुकलुकले तर लुकलुकेनात का, भट्टी चालू होतेच की. तिचे सगळे ठीक आहे, नजर तेवढी लागली आहे असे मला वाटते. आजपासून एक माळ जप जास्त. मागणे एकच, काच तडकू देऊ नकोस.

१० तारीख, मंगळवार

नजर कोणाची ते कळले. समोरच्या शिवणवाल्या बाई बटणे मागायला आल्या होत्या आणि खोलीच्या दारात उभ्या राहून "अगंबाई, काय रंग आहे!" असे तीनदा म्हणाल्या. एकदा म्हणतात ते कौतुक. तीनदा म्हणजे काय? मी त्यांना चहा अर्धा कपच दिला.

दुपारी कपडे घड्या करताना सूनबाईचे आणि मुलाचे बोलणे कानावर आले. चोरून ऐकत नव्हते, उशांचे अभ्रे तिथेच होते.

"बाटल्या त्याच, भट्टी तीच, सगळं तेच," ती म्हणत होती. "मग उरलं काय? माझे हात. हातच बिघडलेत माझे."

"हात कसे बिघडतील? काय बोलतेस!"

"तूच सांग मग काय ते."

तो काय सांगणार. त्याला साधा दिवा बदलायचा म्हटला तरी आधी पुस्तक वाचतो.

१२ तारीख, गुरुवार

भट्टी दुरुस्त करणारा मिस्त्री आला. सगळी भट्टी खोलून परत जोडली. "हिला काहीही झालेलं नाही," म्हणाला. "माझ्यापेक्षा ठणठणीत आहे." मग आत बोट फिरवून म्हणाला, "हे काय हो, तेल? भट्टीच्या दाराला तेल कुठून येतं?"

सूनबाईने वास घेतला. तिला काही उमगेना. उलथने नीट धुऊन घ्यायला हवे होते, हे माझे चुकलेच. आजपासून लाकडी डाव वापरीन, त्याला ओशटपणा धरत नाही.

संध्याकाळी हे फडक्याने चष्मा पुसत म्हणाले, "हल्ली आपली फडकी कशी कडक वाळतात गं. धोब्याकडे देतेस की काय?" मी म्हटले, "ऊन आहे ना." दिवसभर आभाळ होते.

उद्या दोन रात्रींसाठी ताईकडे जाते. तिचे गुडघे धरलेत. तिच्या घराजवळच्या टेकडीवर देवाचे ठाणे आहे, तिथे सूनबाईसाठी साकडे घालीन. माझ्या मागे दोन दिवस भट्टी सकाळपर्यंत जळत राहील त्याला इलाज नाही. आठ युनिट. ते देवाला वाहिले.

१५ तारीख, रविवार

दुपारी परत आले. टेकडीच्या पायऱ्या एकशे बारा. त्या मी चपला हातात घेऊन चढले. आल्या आल्या सूनबाई दारातच म्हणाली, "आई, शुक्रवार-शनिवारचे अठरा जोड केलेत. एकही नाही तडकला अजून!" तोंड कसे फुलले होते पोरीचे. साकड्याला एवढ्या लवकर फळ आलेले मी कधी पाहिले नव्हते. ताईला लगेच फोन करून सांगितले. ती म्हणाली, "माझ्या गुडघ्यांचंही बोलायला हवं होतंस मग."

पाचला भट्टी बंद केली. दोन दिवसांची फडकी साचली होती, सगळी वाळली.

१६ तारीख, सोमवार

जेवताना हे म्हणाले, "बघ, तू घरात नसलीस की सगळं सुरळीत."

सगळे हसले. मीही हसले. मग भांडी घासताना हसू येईना.

१७ तारीख, मंगळवार

रविवारच्या नऊ जोडांपैकी पाच तडकले. कालच्यातला एक तर डब्यात ठेवता ठेवता गेला. मी नव्हते तेव्हाचे अठरा जोड मात्र तसेच आहेत, निळे, शहाणे, एकाच्याही अंगावर रेघ नाही.

सूनबाईने डबा बंद केला. मग आत आली आणि त्या ऑफिसच्या कागदांची पिशवी कपाटातून काढून टेबलावर ठेवली. उघडली नाही. ठेवली फक्त.

मी देवापुढे बसून शांतपणे विचार केला. शिवणवाल्या बाई शुक्रवारीही आल्या होत्या, शनिवारीही. त्यांची नजर असती तर ते अठरा वाचले नसते. मग त्या दोन दिवसांत नव्हते कोण? मी. रोज संध्याकाळी फट ठेवताना मी आतल्या मण्यांकडे बघते. मनात म्हणते, काय गोजिरे झालेत. नजर लागते ती जवळच्याचीच लागते, मायेची तर फार लवकर लागते. चौतीस वर्षे मी लोकांवर संशय घेतला आणि नजर माझ्याच डोळ्यांत होती.

रडू आले. शिवणवाल्या बाईंना संध्याकाळी बोलावून पूर्ण कप चहा दिला.

ठरवले आहे, उद्यापासून त्या मण्यांकडे बघायचे नाही. काही झाले तरी नाही.

१८ तारीख, बुधवार

आज घडले ते लिहायला हात धजत नाही. पण वहीत खोटे लिहायचे नाही असे चौतीस वर्षांचे बंधन आहे.

पाच वाजता मी खोलीच्या दारातच डोळ्यांवर स्वच्छ फडके बांधले, दोन पदरी, वर गाठ. एका हातात ओल्या फडक्यांची चळत, काखेत लाकडी डाव. देवाचे नाव घेत, भिंत चाचपत आत गेले. बादलीला पाय लागला. स्विच सापडला, दाबला. मग भट्टीचे दार चाचपले, डाव घातला. आणि भट्टीला ऐकू जाईल असे म्हटले, "बाई गं, आता माझी नजर नाही लागायची तुला. मी बघतच नाहीये. नीज हो शहाण्यासारखी."

मागून आवाज आला, "आई?"

पोहण्याच्या तलावाचे पाणी आज बदलायचे होते, वर्ग नव्हता. दोघी अर्ध्या वाटेवरून परत आल्या होत्या.

"आई, काय करताय?"

"काही नाही गं. स्विच बंद करतेय."

"कुठला?"

"भट्टीचा. रोज करते तोच."

"रोज?"

"रोज म्हणजे, ताईकडे गेले ते दोन दिवस सोडून. सकाळी चालू करते की परत. पूजेच्या आधी."

 फडके सोडावे तर मणी दिसतील, म्हणून मी तशीच उभी.

"आणि डाव?" ती अगदी हळू म्हणाली.

"फटीला. फडकी वाळतात ना. दार मी उघडत नाही हं, तू सांगितलंयस."

प्रश्नपत्रिका म्हणाली, "आजी, तू आंधळी कोशिंबीर एकटीच खेळतेस?"

धपकन आवाज झाला. मी फडके ओढून काढले. सूनबाई पालथ्या बादलीवर बसली होती. मला वाटले आता ही ओरडेल, आणि ओरडावेच. तर ती उठली, भट्टीचे दार लावले, स्विच चालू केला, पाटीवरची बटणे भराभर दाबली, परत बादलीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी. स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून उलटेपालटे करून बघत होती आणि म्हणत होती, "रोज! अगं बाई, रोज! म्हणजे हे नाहीत. हे नाहीतच!"

"तुझ्या हातांना काय झालंय?" मी विचारले. तर आणखीच हसायला लागली.

धक्का बसला की माणसाचे असे होते. मी साखरपाणी करून दिले.

१९ तारीख, गुरुवार

सगळे समजावून घेतले. ५ तारखेला तिने सांगितलेले मी स्वतःच्या हाताने या वहीत लिहिलेले आहे, दोन पाने मागे. वरची न् आतली यांचे भांडण. सगळे पटलेले. आणि त्याच्याच खाली, त्याच शाईत, मी काय करते तेही लिहिलेले. दोन्ही वाचून काढले. एकच बाई दोन्ही लिहिते आणि तिला एकाचे दुसऱ्याशी नाते कळत नाही! चौसष्ट गुण कोणी दिले कोण जाणे.

आज एक वेळ उपास केला. हे म्हणाले, "उपासानंही वाचतंच की काहीतरी. तुझी सुटका नाही."

मुलगा हसू दाबत फिरतोय. मी म्हटले, "हसून घे एकदाचा." तो म्हणाला, "आई, मी भट्टीचं माहितीपुस्तक अठरा पानं वाचलं. त्यात सगळी कारणं आहेत. तू नाहीयेस."

सूनबाईची माफी मागितली. ती कामात होती, म्हणाली, "आई, बाटल्या फोडायला बसा आधी, माफी मग." जे जोड तडकलेले नव्हते पण माझ्या वाऱ्याला आले होते, ते सगळे परत तापवून सावकाश निववायचे, म्हणजे आतला ताण जातो म्हणे. काचेला ही सोय आहे हे ऐकून बरे वाटले. जुने आणि नवे धरून सगळे भट्टीत गेले. साडेचारला ती उठली. मी बाहेर ओट्यावर जपाची माळ घेऊन बसले. लाल दिवा खिडकीतून दिसत होता. मी त्याच्याकडे बघितलेही नाही. एकदा बघितले. दोनदा.

२० तारीख, शुक्रवार

चाळीस व्हायला हवे होते, चौतीस झाले. सूनबाईबरोबर मीही दुकानात गेले. ती नको म्हणत होती. मी म्हटले, "सहा जोड माझ्यामुळे कमी आहेत, तोंड माझं दिसू दे."

दुकानवाल्या बाई पंचेचाळिशीच्या, चष्मा डोक्यावर, बोलणे कात्रीसारखे. एकेक जोड उजेडात धरून बघितला. "चौतीस. मी चाळीस सांगितले होते. आणि हे फुटणार नाहीत कशावरून? मागचेही असेच छान दिसत होते."

सूनबाई काही बोलायच्या आत मी सुरू केले. स्विच, फट, फडकी, उलथने, डाव, सगळे सांगितले. डोळ्यांवरचे फडकेही सांगून बसले, ते सांगायचे नव्हते. दुकानात दोन गिऱ्हाइके होती, ती कानातले बघायचे सोडून माझ्याकडे बघायला लागली.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "म्हणजे महिनाभर तुम्ही यांच्या कामावर पाणी टाकत होतात."

"पाणी नाही हो. वारा."

"आणि पुन्हा करणार नाही कशावरून?"

"मला आता कारण माहीत आहे," मी म्हटले. "कारण कळल्यावर मी काटकसर करत नाही. फार थोड्या गोष्टींचं कारण कळतं म्हणून एवढी काटकसर होते."

बाई हसल्या नाहीत. पण सूनबाईकडे बघून म्हणाल्या, "चौतीस ठेवून घेते. अट तीच. दहा दिवस. एकालाही रेघ दिसली तर डबा परत आणि पुन्हा या दुकानाची पायरी नाही. सासूबाईंना बरोबर आणलंत तरी."

२४ तारीख, मंगळवार

दुकानावरून दोनदा गेले. एकदा भाजीला, एकदा काही कारण नसताना. काचेतून दिसतात. मोजता आले तेवढे एकवीस, रेघ नाही. बाकी तेरा आडबाजूला आहेत.

घरात कोणी त्या ऑफिसचा विषय काढत नाही. कागदांची पिशवी टेबलावरच आहे. आम्ही तिच्या भोवतीने जेवतो. प्रश्नपत्रिकेने आज विचारले, "आजी, तिकडे गेलो तर तू रोज फोन करशील का?" मी म्हटले, "रोज कशाला, एक दिवसाआड." मग स्वयंपाकघरात जाऊन म्हटले, रोज.

२८ तारीख, शनिवार

आज उत्तर द्यायचा शेवटचा दिवस. दुकानाचे दोन दिवस अजून बाकी. सकाळी सूनबाई माझ्यासमोर शेंगा सोलायला बसली. तिला शेंगा सोलता येत नाहीत, म्हणजे काहीतरी बोलायचे होते.

"आई, काय करू?"

"मला विचारू नकोस. मी तटस्थ साक्षीदार नाही."

"तरी सांगा."

मग मी खरे ते सांगितले. "पगार ठरलेला असतो, काच ठरलेली नसते. मी तुझी जन्मदाती असते तर जा म्हटलं असतं."

"आणि सासू म्हणून?"

"सासू म्हणून माझी माफी अजून मागून संपलेली नाही. तू कामात असतेस. ती संपेपर्यंत थांब."

ती खूप हसली. शेंगा सांडल्या, मी वेचल्या. मग म्हणाली, "तुम्ही डोळे बांधून आलात ना, त्या दिवशी दुपारीच मी पत्र लिहून ठेवलं होतं. येते म्हणून. नुसतं पाठवायचं राहिलं होतं. महिनाभर वाटत होतं, आपलेच हात गेले. हात गेल्यावर कशाच्या जोरावर थांबायचं? आणि मग तुम्ही सांगितलंत, रोज. आई, आयुष्यात कुठली वाईट बातमी इतकी गोड लागली नव्हती मला."

म्हणजे त्या दिवशीचे रडणे धक्क्याचे नव्हते. साखरपाण्याचीही गरज नव्हती. मी उगीच दोन चमचे साखर घातली.

"आणि ते चौतीस?" मी विचारले. "परवा त्यांतला एखादा फुटला तर?"

"फुटला तर फुटला. दुसरं दुकान बघू. आता मला माहीत आहे माझ्या हातून काय होतं ते."

तिने कॉम्प्युटर आणला. नवीन पत्र लिहिले, तीन ओळींचे. आभार, येणे जमणार नाही, नमस्कार. मुलगा मागे उभा होता, हे वर्तमानपत्र उलटे धरून वाचत होते. "आई, बटण तुम्ही दाबा," ती म्हणाली. मी म्हटले, "माझा हात नको गं बटणाला लावूस!" तर म्हणाली, "तुमचाच हवा."

दाबले. एवढे मोठे काम, आणि आवाज काही नाही. टिच सुद्धा नाही. मी विचारले, "गेलं?" प्रश्नपत्रिका म्हणाली, "गेलं. आजी, आता ते परत आणता येतं का?" येत नाही म्हणाले सगळे. तेव्हा मी उठून चहा टाकला, सगळ्यांना पूर्ण कप.

संध्याकाळी दिवा लावून देवापुढे बसले. नऊ तारखेपासून रोज एकच मागत होते, काच तडकू देऊ नकोस. त्याने ऐकले. पण ऐकताना मलाच पकडून दिले, तेही डोळ्यांना फडके बांधून, सुनेच्या आणि नातीच्या समोर. दुसरे कोणी सापडले नाही का तुला, असे विचारणार होते. मग लक्षात आले, दुसरे कोणी नव्हतेच.